स्टोमाभोवतीची त्वचा आणि फ्लँजचे भोक

व्रणयुक्त बृहदांत्रदाह किंवा क्रोन विकार यांमुळे ज्यांचे मोठे आतडे काढावे लागते, अशा अनेक रुग्णांच्या पोटावर लहान आतड्याचे टोक बाहेर काढून इलिओस्टोमी केली जाते, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच. मात्र तिच्याभोवतीची कातडी सोलवटणे हा शस्त्रक्रियेचा अटळ भोग होय, ही घराघरांत रुजलेली समजूत साफ चुकीची आहे. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मलात विकर, म्हणजे प्रथिने पचवणारी द्रव्ये, आणि पित्तक्षार असतात. तो जेथे लागून राहतो तेथे कातडीलाही पचवू लागतो. म्हणूनच बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक उलटे दुमडून त्वचेच्या वर ठेवण्याची पद्धत मांडली, आणि क्लीव्हलँडचे रूपर्ट टर्नबुल यांनी भारतातील कांडोळ वृक्षाचा डिंक कातडीच्या रक्षणासाठी वापरात आणला.

आता प्रश्न उरतो तो फ्लँजचा, म्हणजे मल गोळा करणाऱ्या पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीचा. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेले आतड्याचे टोक, सुजलेला असतो व पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो; तरीही रुग्णालयात कापून दिलेल्या मापाचेच भोक महिनोन्‌महिने कापले जाते. कुकरची रिंग सैल झाली की झाकणावर वरवंटा ठेवून वाफ थांबत नाही, उलट ती दुसऱ्याच बाजूने फुसफुसते. तद्वत सैल फ्लँजच्या कडांवर चिकटपट्ट्यांचे थर चढवणारे कुटुंबीय मल आतल्या आत कोंडून ठेवतात, आणि दोष मात्र पिशवीला देतात. रिंग मापाची हवी, तसे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. स्टोमा पुन्हा मोजावा. वजन वाढले वा घटले तर पुन्हा मोजावा.

माप अचूक असूनही जांभळट कडांची, असह्य ठणकणारी जखम झाली, तर ती पायोडर्मा गँग्रिनोसम, म्हणजे आतड्याच्या मूळ दाहाशी निगडित व्रण, असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. ती खरवडल्यास पसरते, म्हणून घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. बुरशीच्या पुरळावर तेलकट मलम लावल्यास फ्लँज चिकटत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली पावडर वापरावी, आणि तीही नव्याने मोजून कापलेल्या फ्लँजखालीच.