प्रेक्षकांचीही एक शिस्त असते

(राज्य क्रीडा दिनाच्या निमित्ताने जिंतूर येथे क्रीडाशिक्षक, युवक मंडळांचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज १५ जानेवारी, म्हणजे खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. या दिवशी खेळाडूंविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आपली परवानगी घेऊन प्रेक्षकांविषयी बोलणार आहे. मैदानावर अकरा खेळाडू विरुद्ध अकरा खेळाडू असतात. पण मैदानाभोवती शेकडो, कधी हजारो माणसे असतात. सामना रंगवणे जसे त्यांच्या हाती असते, तसे तो उधळून लावणेही त्यांच्याच हाती असते.

जिंतूर म्हटले की नेमगिरीची लेणी, चारठाण्याची जुनी देवळे आणि येलदरीचे धरण डोळ्यांपुढे येते. फुटबॉल येत नाही, हे मला ठाऊक आहे. येथील मातीचे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि खो-खो. तथापि हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे, असे मात्र नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादच्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली होती. अलीकडे, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, नवी मुंबईसह देशातील सहा शहरांत भरणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांतून मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला. त्या निमित्ताने आलेला चेंडू पुष्कळ शाळांच्या आवारात प्रथमच उडाला. जेथे चेंडू आला तेथे संघ तयार होतील, संघ आले की चषक येतील आणि चषकापाठोपाठ गर्दीही येईल. त्या गर्दीचा विचार आधीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

कोल्हापूरचा अनुभव

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहावयाचे असेल तर कोल्हापूरला जावे. तेथील संघांची नावे ऐकली की या वेडाचे मूळ कळते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही त्यांतली काही. बहुतेक संघ तालमीच्या आणि पेठेच्या पोटी जन्मलेले आहेत. ज्या तालमीत आजोबांनी जोर मारले, तिच्याच नावाची जर्सी नातू अंगावर घालतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वतीने साखळी सामने होतात आणि कामावरून सुटलेला कारागीर, रिक्षावाला, दुकानदार, विद्यार्थी असे सारे गॅलरीत येऊन बसतात. सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच जिल्ह्याचा. एखाद्या शहराने खेळावर इतके प्रेम करावे, याचा हेवा वाटतो.

परंतु या प्रेमाची दुसरी बाजूही आहे. तेथील वृत्तपत्रांत खेळाच्या बातमीशेजारी ‘हुल्लडबाजी’ हा शब्द वारंवार वाचावा लागला आहे. पंचाचा एखादा निर्णय, एखादा आडदांड अडथळा, गॅलरीतून आलेली एखादी अर्वाच्य घोषणा एवढे निमित्त पुरते. मग पाण्याच्या बाटल्या येतात, दगड येतात, सामना थांबतो आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते. काही वेळा हे भांडण मैदानाबाहेर पडून पेठेच्या तोंडापर्यंत गेले आहे. संघटनेने संघांवर आणि खेळाडूंवर कारवाई केली आहे, पोलिसांनी गुन्हे दाखल केले आहेत. तोटा मात्र झाला तो शांतपणे खेळ पाहणाऱ्या हजारोंचा. ज्या गॅलरीत शिव्या ऐकाव्या लागतात, तेथे बाप आपल्या मुलीला घेऊन जात नाही.

कोल्हापूरची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या गुणाने तेथे फुटबॉल जगला, त्याच गुणाने तो अडचणीत आला, एवढेच मला सांगावयाचे आहे. तालमीचा अभिमान हा तो गुण होय. आपल्याकडे तालमीऐवजी गाव असेल, गल्ली असेल, महाविद्यालय असेल. अभिमानाची जात मात्र तीच राहील.

गर्दीचे दोन दोष

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना होता. हा आंतरराष्ट्रीय सामना नव्हता, शहराच्या साखळी स्पर्धेतलाच होता. दोन खेळाडूंची झटापट झाली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढले आणि गॅलरीत वणवा पेटला. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकाच ठिकाणी बसविलेले होते. मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि खेळ पाहावयास आलेले १६ जण घरी परतले नाहीत. बंगालमध्ये तो दिवस आजही रक्तदान करून फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो.

युरोपात २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर इंग्लिश पाठीराखे समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले. पळणाऱ्यांच्या भाराने भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. इंग्लंडच्या क्लबांना त्यानंतर पाच वर्षे युरोपीय स्पर्धांत प्रवेश मिळाला नाही. काही शेकडा माणसांच्या कृत्याची शिक्षा साऱ्या देशाच्या खेळाडूंनी भोगली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रत्येक दुर्घटनेला हुल्लडबाजच कारण असतात, असे समजणे अन्यायाचे होईल. इंग्लंडमध्येच १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यातील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. प्रारंभी दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. पुढे २०१६ साली ज्यूरीने प्रेक्षक निर्दोष असल्याचे आणि बंदोबस्तातील गंभीर चुकांमुळे ते बळी गेल्याचे सांगितले. इंडोनेशियातील कांजुरुहान येथे १ ऑक्टोबर २०२२ रोजी हरलेल्या संघाचे पाठीराखे मैदानात उतरले. पोलिसांनी गॅलरीकडे अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जण मृत्युमुखी पडले. म्हणजे गर्दीचा एक दोष गर्दीत असतो, तर दुसरा गर्दीची व्यवस्था पाहणाऱ्यांत असतो. मी स्वतः शासकीय सेवक आहे. म्हणूनच हा दुसरा दोष मी झाकून ठेवणार नाही.

एक आठवण

आपली क्षमा मागून एक वैयक्तिक आठवण सांगतो. मी महाविद्यालयात शिकत असताना एका तालुक्याच्या गावी आमच्या संघाचा सामना होता. शेवटच्या काही मिनिटांत आमचा गोल पंचांनी ऑफसाइड ठरवला. ऑफसाइड म्हणजे काय, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. ओरडण्याइतके ज्ञान मात्र सर्वांजवळ होते. मीही ओरडलो. आमच्यातल्या कोणीतरी दगड भिरकावला. पंच खाली बसले. त्यांच्या भुवईवरून रक्त येत होते. जवळ गेल्यावर दिसले, ते एका शाळेतले शिक्षक होते. खिशात शिट्टीबरोबर खडूचा तुकडा होता. त्या दिवशी त्यांना मिळणारे मानधन जाण्यायेण्याच्या भाड्यालाही पुरले नसते.

दगड मी मारला नव्हता, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. आता तसे सांगत नाही. शंभर जण ओरडत असल्यावाचून एकाचा हात उठत नाही. त्या शंभरांत मी होतो. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही, कारण पंच म्हणून उभे राहावयास कोणी मिळाले नाही.

एका गुन्ह्याची किंमत

तरुण मित्रांनो, आता जे सांगतो ते विशेषतः तुमच्यासाठी आहे. पहाटेच्या अंधारात तुमच्यापैकी कितीतरी जण पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. घरी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीनच्या भावाची शाश्वती नाही. अशा घराची सारी आशा त्या धावण्यावर असते. जमावात सामील होऊन दंगा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत आणि घातक शस्त्र बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. समान उद्देशाने जमलेल्या बेकायदा जमावातील प्रत्येक जण, कृत्य दुसऱ्याने केले तरी, कलम १९० प्रमाणे जबाबदार धरला जाऊ शकतो. सार्वजनिक मालमत्तेची मोडतोड झाल्यास १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

शिक्षा होणे पुढची गोष्ट. नोकरीची निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते आणि दाखल असलेला गुन्हा तेथे आडवा येतो. पूर्वी गर्दीत तोंड लपत असे. आता प्रत्येक हातात मोबाइल आहे आणि आपल्याच मित्राने हौसेने काढलेले चित्रण आपल्याविरुद्ध पुरावा ठरते. सोळाशे मीटर धावण्यासाठी दोन वर्षे घाम गाळावा आणि एका ऑफसाइडपायी ते सारे मातीत घालवावे, हा कोणता हिशेब?

आपण काय करू शकतो?

मोठ्या स्टेडियमचे उपाय आपल्याला परवडणारे नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. तालुक्याच्या मैदानावर होण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत.

स्पर्धेची पूर्वसूचना पोलीस ठाण्यास द्यावी, आवश्यक त्या परवानग्या घ्याव्यात आणि अपेक्षित गर्दीचा अंदाज प्रामाणिकपणे सांगावा. फक्कीच्या रेषेपासून काही हात अंतरावर दोर बांधावा. रेषेला चिकटून उभा राहिलेला प्रेक्षक हा खेळाडूच्या पायात येणारा पहिला दगड असतो. दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना समोरासमोरच्या बाजूंना बसवावे, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर मोटारसायकली लावू देऊ नयेत. कच्च्या लाकडी गॅलरीचा मोह टाळावा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये अशीच तात्पुरती गॅलरी भर सामन्यात कोसळून अनेक जण जखमी झाले होते.

पंच शक्यतो बाहेरच्या तालुक्यातील असावेत, त्यांना योग्य मानधन द्यावे आणि सामन्यानंतर त्यांना सुखरूप पोहोचविणे ही आयोजकांची जबाबदारी मानावी. खेळाडूंच्या नावांची व वयाची छाननी सामन्याआधीच पुरी करावी. निम्मी भांडणे बाहेरून आणलेल्या खेळाडूवरून सुरू होतात. तक्रार करावयाची ती कर्णधाराने, लेखी, समितीपुढे करावी. ध्वनिक्षेपकावरील निवेदकाने नियम समजावून सांगावेत. पिवळे आणि लाल कार्ड १९७० च्या विश्वचषकापासून आले, ते पंचांचा निर्णय भाषेवाचून सर्वांना कळावा म्हणूनच. निवेदकाचे कामही तेच आहे. भडक विनोद करणे हे त्याचे काम नव्हे.

देणगीदारांनाही एक विनंती आहे. बक्षिसाची रक्कम फुगवून खेळ मोठा होत नाही, ईर्षा तेवढी मोठी होते. त्यातील काही भाग शिस्तबद्ध संघासाठी आणि उत्तम प्रेक्षक असणाऱ्या गावासाठी ठेवून पाहा.

शिक्षकांकडून माझी अपेक्षा सर्वांत मोठी आहे. आपल्या जत्रेतील कुस्तीच्या फडात हजारो लोक मातीवर मांडी घालून बसतात. कुस्ती निकाली झाली की हरलेला मल्ल जिंकलेल्याचा हात हाती घेतो, दोघेही मातीला नमस्कार करतात आणि हलगी पुढच्या जोडीसाठी वाजू लागते. ही रीत आपल्या रक्तात आहे. ती कुस्तीच्या फडातून फुटबॉलच्या मैदानावर नेणे, एवढेच काम उरले आहे.

अखेरचा शब्द

शेवटी एक प्रसंग सांगून माझे भाषण संपवितो. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तेथील लोकमत भारतावर खवळले. ४ सप्टेंबरला फुटबॉलचा अंतिम सामना होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आपले प्रशिक्षक होते. सुमारे लाखभर प्रेक्षक भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवीत होते. त्या गदारोळात पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांनी गोल केले आणि भारताने दक्षिण कोरियास २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या मैदानावर भारताच्या बाजूने टाळ्या वाजविणाऱ्या थोड्या लोकांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, असे त्या संघातील खेळाडू सांगत असत.

लाख लोकांच्या आरड्याओरड्यातून आज कोणाचेही नाव उरलेले नाही. त्या मूठभर टाळ्यांची आठवण मात्र साठ वर्षांनंतरही सांगितली जाते. जिंतूरच्या मैदानावर उद्या जेव्हा बाहेरगावचा संघ जिंकेल, तेव्हा आपल्या हातांनी काय करावे, हे प्रत्येकाने आजच ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!