राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय कमवावे?

(तामलवाडी, ता. तुळजापूर, येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपले गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर असल्यामुळे येथील मुलांना कॉलेजची वाट दोन्ही दिशांना मोकळी आहे. कोणी तुळजापुरास जातो, कोणी सोलापुरास. त्यांतील कित्येकांनी कला शाखेत राज्यशास्त्र हा विषय घेतला आहे. पालक विचारतात, “वकीलसाहेब, डॉक्टर झालेला मुलगा दवाखाना काढील, हा राज्यशास्त्र शिकून काय करील?” हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पदवी प्रथमच येत आहे, त्या घराने फीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला पाहिजे. तो हिशेब मी आज मांडणार आहे.

पदवीचा कागद सर्वांना सारखाच मिळतो. तो मिळविताना विद्यार्थ्याने कोणती कसबे हस्तगत केली, यावर पुढील आयुष्य अवलंबून असते. माझ्या मते अशी कसबे पाच आहेत.

पहिले कसब मूळ मजकूर वाचण्याचे. आपली मुले गाईडे वाचतात. गाईड म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. त्याने परीक्षा पार पडते, दृष्टी येत नाही. मूळ वाचले नाही तर काय हानी होते, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. अनुसूचित जातींची यादी ठरविणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० साली निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असे होते की, हिंदूहून भिन्न धर्माचे अनुयायित्व सांगणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. त्याला त्या वेळी काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १९५६ साली हिंदूच्या जोडीला शीख हा शब्द घातला गेला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परंतु बौद्ध हा शब्द त्या परिच्छेदात येण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधली चौतीस वर्षे त्या एका शब्दाच्या अभावी गेली. १९६२ साली विदर्भातील एका राखीव जागेवर निवडून आलेल्या मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली याच परिच्छेदाच्या आधारे रद्द ठरविली, कारण त्यांनी उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारला होता. ‘धर्माचे अनुयायित्व सांगणे’ याचा अर्थ काय, एवढ्या एका शब्दप्रयोगावर तो वाद फिरला.

आता विद्यार्थ्यांनो, तुम्ही संविधानाचे ३४१ वे कलम आणि हा परिच्छेद त्याच्या तिन्ही रूपांत वहीत समोरासमोर लिहून काढा. यादी जाहीर करण्याचा अधिकार कोणाचा, तीत भर घालण्याचा किंवा तीतून वगळण्याचा अधिकार कोणाचा, कोणता शब्द केव्हा आला, हे स्वतः शोधा. एका संध्याकाळच्या या अभ्यासाने संसद, राष्ट्रपती व न्यायालय यांचे परस्परसंबंध जितके कळतील, तितके गाईडाच्या पन्नास पानांनी कळणार नाहीत. शिवाय घरात कोणाच्या जातीच्या दाखल्याला कचेरीत हरकत निघाली, तर काय बोलावे हेही कळेल.

दुसरे कसब विधान आणि पुरावा यांत भेद करण्याचे. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपण दरवर्षी ऐकतो. पण २० मार्च १९२७ नंतर तो लढा दहा वर्षे न्यायालयात चालला, याची माहिती थोड्यांनाच असते. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे फिर्यादींचे विधान होते. विधान करणे सोपे असते. ते सिद्ध करण्याचा बोजा विधान करणाऱ्यावर असतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सांगितलेली अनादि वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ या वाक्यापुढे आपल्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या मान खाली घालावी लागली. त्याच वाक्याला ‘पुरावा दाखवा’ हे उत्तर मिळताच ते कोसळले. म्हणून वर्तमानपत्र वाचताना, मोबाइलवर आलेला मजकूर पाहताना, पुढाऱ्याचे भाषण ऐकताना, फार काय आपल्या आवडत्या वक्त्याचे ऐकतानाही विचारा: हे कोणी सांगितले? कशावरून? केव्हा?

तिसरे कसब विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडण्याचे. हे आपणांस अवघड जाते, कारण ज्या प्रश्नांवर आपण वाद घालतो ते आपल्या जिव्हारीचे असतात. पुणे कराराचेच पाहा. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. यावर निबंध लिहिताना गांधीजींची बाजू अशी लिहा की, त्यांच्या अनुयायाने वाचून ‘होय, आमचे म्हणणे हेच’ असे म्हणावे. मग तिचे खंडन करा. प्रतिपक्षाचा युक्तिवाद ज्याला त्याच्याहून चांगला मांडता येतो, त्याच्या खंडनाला धार असते. कोर्टात मी रोज पाहतो की, समोरच्याचे कागद न वाचता उभा राहिलेला वकील पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

चौथे कसब आकडे वाचण्याचे. राज्यशास्त्राला गणित लागत नाही, हा भ्रम आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्चावी, असे शासनाचे धोरण आहे. समजा, एखाद्या पंचायतीचे उत्पन्न ८ लाख रुपये आहे. मग ही रक्कम १ लाख २० हजार झाली. ती खर्च झाली काय, कशावर झाली, दिव्यावर की गटारावर, आणि तो दिवा कोणाच्या दारी लागला, हे तपासणे हाच राज्यशास्त्राचा उत्तम प्रात्यक्षिक वर्ग होय. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. दहा रुपयांच्या अर्जावर माहिती मागता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते दहा रुपयेही पडत नाहीत. अर्ज मुद्देसूद लिहा. कोणते वर्ष, कोणता खर्च, कोणत्या कागदाची प्रत, हे स्पष्ट असू द्या. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येते.

पाचवे कसब लेखनाचे व भाषणाचे. रोज एक पान लिहा. प्रथम प्रश्नाचे सरळ उत्तर द्या, मग कारणे, मग पुरावा, शेवटी निष्कर्ष. जे दुसऱ्याचे आहे त्याखाली त्याचे नाव व पान लिहा. उसने घेतलेले विचार आपले म्हणून खपविणे ही चोरीच आहे. निवाडे बहुधा इंग्रजीत असतात. तेव्हा शब्दकोश जवळ ठेवून दिवसाकाठी एक पान इंग्रजीही वाचा. आणि जे लिहिले ते ग्रामसभेत चार माणसांपुढे, आवाज न चढविता, तीन मिनिटांत सांगण्याचा सराव करा. मुलींनी तर हे अगत्याने करावे. ग्रामसभेत बसण्याचा व बोलण्याचा त्यांचा हक्क कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा आणि पदव्यांचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते, हे ध्यानी घ्या. समितीपुढे त्यांच्यामागे सत्ता नव्हती, पैसा नव्हता, अभ्यास होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर त्यांनी वाचलेला निबंध हाही एका विद्यार्थ्याचाच निबंध होता. आज त्यांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने खंडशः प्रसिद्ध केली आहेत. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण वाचण्यास तासभरही लागत नाही. त्या भाषणातील प्रत्येक मुद्दा एका ओळीत उतरवून काढणे, हा पदवीच्या पहिल्या वर्षाचा पहिला धडा समजा.

आता दोन शब्द आईवडिलांस. घरात मुलासाठी एक कोपरा, एक दिवा आणि दोन तासांची शांतता द्या. सुगीच्या दिवसांत परीक्षा आली तर मुलीला शेतावर नेऊ नका. आणि रात्री जेवताना विचारा, “आज काय वाचलेस? आम्हांला समजेल असे सांग.” स्वतः अक्षरशत्रू असलेली आई हा प्रश्न विचारू शकते, आणि तिला समजेल असे ज्याला सांगता आले, त्याला तो विषय समजला असे खुशाल समजावे.

सारांश, राज्यशास्त्र शिकून तुमचा मुलगा काय करील, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: त्याने ही पाच कसबे कमावली तर तो स्पर्धा परीक्षेस बसेल, वकील होईल, शिक्षक होईल, पंचायतीत निवडून जाईल, आणि यांपैकी काहीही न होता गावातच राहिला, तरी त्याच्या सहीशिवाय किंवा समजुतीशिवाय कोणताही कागद त्याच्या घरावरून फिरणार नाही. फीचा पैसा वसूल होण्यास एवढे पुरेसे आहे.

जय भीम!