जुन्या वाड्यांतील नाणी आणि नागरिकांचे कर्तव्य

(छत्रीबाग, इंदूर येथील श्रोत्यांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्र्या उभ्या आहेत. त्यांच्या कोरीवकामाकडे येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष सहज वेधले जाते. परंतु ज्यांनी या नगरात सावकारी केली, फौजेत चाकरी केली, दप्तरे सांभाळली, त्यांच्या राहत्या घरांकडे तितक्याच आदराने पाहण्याची सवय समाजाला अद्याप लागलेली नाही. जुना वाडा पाडून नवी इमारत बांधावयाची असते. पाया खणताना किंवा भिंत उतरविताना एखादे गाडगे हाती लागते. त्यात काही नाणी असतात. पाहणाऱ्याला हर्ष होतो आणि त्याच क्षणी भयही वाटते. त्या घटकेला त्याने काय करावे, हाच आजचा विषय होय.

पूर्वी सामान्य कुटुंबाची तिजोरी म्हणजे घरातील जमीनच होती. ऑक्टोबर १८०१ मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेने इंदूरजवळ यशवंतराव होळकरांचा पराभव केला आणि त्यानंतर शहराची लूट झाली. अशा धामधुमीच्या काळात शहाणा गृहस्थ आपली रोकड चुलीखाली, भिंतीच्या पोकळीत किंवा परसात पुरून ठेवी. पुढे जागा ठाऊक असलेला माणूस दगावला किंवा परत आला नाही, म्हणजे ठेवा तेथेच राही. नाग राखण करतो, बळी मागतो, अशा कथा मागाहून जोडल्या गेल्या. गुप्तधनाच्या नावाने केली जाणारी अघोरी कृत्ये महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरली आहेत. पुरलेले धन ही गूढ वस्तू नव्हे. परत न आलेल्या माणसाची ती शिल्लक होय.

आता तिच्या शोधासाठी धातुशोधक यंत्रे वापरली जातात. यंत्रातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र सूचना देते. मात्र ते धातूचे अस्तित्व सांगते, वय सांगत नाही. खिळा, बिजागरी, बाटलीचे झाकण आणि रुपया या सर्वांसाठी ते वाजते. सुट्या नाण्यासाठी त्याची पोहोच साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच असते. म्हणजे यंत्र वाजले की खणावे आणि खणता खणता मातीचे थर उलटेपालटे व्हावेत, असे घडते.

इंदूरहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या मार्गावर असीरगड आहे. मार्च २०२५ मध्ये महामार्गाच्या कामात निघालेली माती तेथील शेतात टाकली गेली आणि तीत सोन्याची नाणी असल्याची वार्ता पसरली. नुकत्याच प्रदर्शित झालेल्या एका ऐतिहासिक चित्रपटाने त्या वार्तेला बळ दिले. रात्रीच्या वेळी विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन लोक शेतात उतरले आणि त्यांनी जागोजागी खड्डे पाडले. बुऱ्हाणपूर येथे मोगलांची टांकसाळ होती. तेव्हा त्या भूमीत नाणी असणे अशक्य नाही. परंतु अशा रीतीने निघालेले नाणे कोठे, कशासोबत आणि किती खोल होते, हे पुढे कोण सांगणार?

या प्रश्नाचे महत्त्व दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. साठा एकत्र राहिला म्हणूनच सातवाहनांच्या विजयाचा भक्कम पुरावा इतिहासाला लाभला. तीच नाणी दहा बाजारांत विखुरली असती, तर केवळ चांदी उरली असती.

दुसरे उदाहरण आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचे. १९७४ मध्ये तेथील एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. चारही शिल्पे मिळून वजन साठ किलोहून अधिक भरते. ती जतन झाली, हे मोठे भाग्य. परंतु शास्त्रीय उत्खननात ती कोणत्या थरात होती याची नोंद होऊ शकली नाही. म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले आहेत.

इंदूरच्या नाण्यांनाही स्वतःची ओळख आहे. होळकरांच्या येथील टांकसाळीच्या रुपयांवर फारशी लिपीत बादशहा शाह आलम याचे नाव, ‘मल्हारनगर’ हे टांकसाळीचे नाव आणि सूर्यमुख आढळते. महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र आहे. फारशी अक्षरे पाहून ‘हे आपले नव्हे’ असे समजून असा रुपया सराफाच्या मुशीत टाकला जाण्याचा धोका असतो. मुशीतून सुमारे अकरा ग्रॅम चांदी बाहेर येते. मल्हारनगर मात्र परत येत नाही.

नाणे लपविण्याचे खरे कारण बहुधा लोभापेक्षा भीती हे असते. कळविले तर सर्व काही सरकारजमा होईल, असा समज रूढ आहे. वस्तुतः भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा कायदा शोधणाऱ्याचाही हक्क मानतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, स्थळ आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो; ठेवा जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावा लागतो किंवा त्याबद्दल जामीन द्यावा लागतो. जाहीर चौकशीनंतर ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याला व उर्वरित मालकाला मिळू शकतो. शासनाने ठेवा संपादन केल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. माहिती दडविणाऱ्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि त्याचा हिस्साही जातो.

हा मोबदला संग्राहकांच्या बाजारभावापेक्षा कमी पडतो, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार शोध चौदा दिवसांत कळवावा लागतो. संग्रहालयाने तो घेतल्यास बाजारभावाने मोबदला दिला जातो. आपल्याकडील जुन्या तरतुदींचा त्या दृष्टीने विचार होणे अगत्याचे आहे. तोवर निदान कार्यालयीन वागणूक तरी अशी असावी की, कळविणाऱ्याला पश्चात्ताप होऊ नये. गावकरी गाडगे घेऊन आला असता त्याला आरोपीसारखे उभे न करता त्याच्यासमक्ष मोजदाद करावी, पंचनामा करावा आणि तात्काळ पोच द्यावी. वर्दी देणाऱ्याचा पहिला अनुभव साऱ्या गावाला कळतो. त्यावरच दुसरा ठेवा सरकारात येईल की सराफ्यात, हे ठरते.

नागरिकांनी काही पथ्ये पाळावीत. संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र घेऊन खोदकाम करू नये. सापडलेले नाणे चिंच, राख किंवा लिंबाने घासू नये. त्यामुळे अक्षरे झिजतात. गाडग्याचे तुकडेही टाकून देऊ नयेत, कारण ठेव्याचा काळ ठरविण्यास त्यांचे साहाय्य होते. खोदकाम थांबवावे, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि खोली मोजून लिहून ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीने परदेशी पाठविणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. विद्यार्थ्यांना इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात किंवा नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेत नेऊन नाणे वाचावयास शिकविता येईल. ज्या मुलाने एकदा ‘मल्हारनगर’ हे नाव स्वतः वाचले, त्याच्या घरी गाडगे निघाले तर ते मुशीकडे जाण्यापूर्वी तोच वडिलांचा हात धरील.