घर सोडलेला माणूस आणि मागे राहिलेली माणसं

(आजच्या भागाचा मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, बसमध्ये रेंज गेली तरी चालेल.)

आजचा भाग पावसमधून. हो, पावसला आलोय आणि बाहेर पाऊसही आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. पडवीत बसून बोलतोय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. नाव सांगत नाही. त्याने लिहिलं होतं, "मी एक निर्णय घेतलाय, धर्माच्या बाबतीतला. मला तो शंभर टक्के पटलाय. घरच्यांना कसं पटवू?"

मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. मग आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवला. त्याने अगदी हेच केलं होतं, सव्वाशे वर्षांपूर्वी. रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हे, हे दुसरे. जन्म १८६१, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. चित्पावन ब्राह्मण, संस्कृत जाणणारे, कवी, आणि पुढे ख्रिस्ती पाद्री.

टिळकांकडे जाण्याआधी एका परदेशी पाद्रीबद्दल दोन मिनिटं. जॉर्ज बोवेन. हे अमेरिकन गृहस्थ १८४८ साली मुंबईत आले. मिशनचा पगार नको म्हणाले आणि बाजारातल्या छोट्याशा जागेत साधेपणाने राहिले. नंतर ते मेथडिस्ट झाले. १८८८ मध्ये मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस इथे रुजला. पण बोवेन एकटे होते. त्यांच्या निर्णयाची किंमत त्यांनी स्वतःच मोजली.

टिळकांचं तसं नव्हतं. त्यांना बायको होती, लहान मुलगा होता.

बायको म्हणजे लक्ष्मीबाई. माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्न १८८० साली झालं, तेव्हा त्या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या. माहेरी सोवळ्याचा कहर. वडील बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे म्हणे! शाळा नाही. पुढे अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून.

आणि नवरा? हुशार, प्रेमळ, पण भडकू. हातात पैसा टिकायचा नाही, पाय घरात टिकायचा नाही. आज हे गाव, उद्या ते. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि म्हणाला, हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत आहे, पण जातीच्या हिशेबाने गेल्यात जमा. कुंकू लावायचं की नाही, लोकांना काय सांगायचं, मुलाचं काय? विचार करा, हा निर्णय त्यांचा नव्हताच. पण भोगायचा त्यांनी. नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात काढला. अशी चार-पाच वर्षं गेली.

म्हणून त्या मेसेजवाल्या मित्राला पहिली गोष्ट ही सांगतो: तू निर्णय घेतलास तेव्हा तुझ्या घरच्यांच्या आयुष्यातही काहीतरी घडलं. तुला विचार करायला दोन वर्षं मिळाली असतील. त्यांना एका फोनमध्ये कळलं.

आता पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टिळक आणि लक्ष्मीबाई पुन्हा एकत्र आले, अहमदनगरला. त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत बरं का! आपलं सोवळं, आपली चूल घेऊनच आल्या. आणि हे भडकू टिळक, जे एरवी कुणाचं ऐकायचे नाहीत, त्यांनी बायकोला बाप्तिस्म्यासाठी रेटलं नाही. एकाच संसारात दोन धर्म नांदले.

मग लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते कशाने? प्रवचनाने नाही. जातीचा प्रश्न त्यांना आतून छळायला लागला. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसांनी? राहुरीच्या मुक्कामात त्यांनी स्वतःशीच त्याचा निकाल लावला: हे माणसांचं काम. मग कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. ज्या मुलीच्या माहेरी मीठ धुवायचे, त्या बाईने हे ठरवलं! १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या कारणासाठी.

उद्या त्या उलट ठरवून हिंदूच राहिल्या असत्या, तरी मी ही गोष्ट तुम्हाला सांगितली असती. कोणता धर्म बरा, हा आपला आजचा विषयच नाही. दुसऱ्याला त्याचा वेळ देणं हा आहे.

पुढे नगरचं हे घर कसं झालं बघा. बालकवी ठोंबरे, हो, तेच शाळेच्या पुस्तकातले, या घरात राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं जपलं. टिळक नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री होते (ते मेथडिस्ट नव्हेत, पंथ वेगळा). पण त्यांचं म्हणणं एकच: येशूची भक्ती करायची तर मराठीत करू, अभंगात, भजन-कीर्तनात. धर्म बदलला म्हणून तुकोबा कशाला सोडायचा? गोऱ्या मिशनऱ्यांच्या वरचष्म्याशी त्यांचं पटेना. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, १९१९ मध्ये ते गेले.

इथे पावसला बसून हे सांगताना मला गंमत वाटते. इथल्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगात आणली. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीत आणायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. देव वेगळे, भाषेचं दार एकच.

'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून अर्धवट राहिलं. सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांचे, पुढचे साठाहून जास्त लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने! आणि त्यांची 'स्मृतिचित्रे', पहिला भाग १९३४ चा, मराठीतल्या सर्वांत मोकळ्या आत्मचरित्रांपैकी एक. नवऱ्याचे सगळे वेडेपणे त्यात आहेत, आणि वाचताना आपण हसतो. ज्याने एवढं रडवलं त्याच्यावर एवढं हसून लिहिणं, हे मला अजून जमलेलं नाही.

हो, आता माझंही सांगतो. माझ्या मावशीने दुसऱ्या धर्मात लग्न केलं. आमच्या आजीने अकरा वर्षं तिचं नाव घेतलं नाही. मावशीने वाद घातला नाही. दर गणपतीला यायची, अंगणातल्या पायरीवर बसायची, आईशी बोलायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. बाराव्या वर्षी आजी आतून म्हणाली, "बाहेर का बसलीस गो? मोदक गार होतायत." बस्. एवढंच. त्यावर नंतर कुणी चर्चा केली नाही.

तर मित्रा, घरच्यांना पटवू कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पटेल किंवा नाही पटणार. तू फक्त येत राहा. आणि तुझं पटलेलं त्यांच्या गळी उतरवायला जाऊ नकोस.

'स्मृतिचित्रे' वाचा. गावच्या ग्रंथालयात बहुधा मिळेल. वाचून काय वाटलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. पाऊस वाढलाय, थांबतो. काळजी घ्या!