अनवट शब्दांचा आनंद
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिक्षणावरील भाषण म्हटले की शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि परीक्षांचे निकाल यांचा ऊहापोह व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. त्या विषयांवर अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही आज एका बिनखर्चाच्या आनंदाविषयी बोलणार आहोत. इंग्रजी भाषेतील अनवट शब्द हुडकून काढावेत आणि ते दुसऱ्यास सांगावेत, हाच तो आनंद.

इंग्रजी आपल्या घरांत आली ती नोकरीची शिडी म्हणून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या पोसल्या. त्यांना या भाषेची भीती वाटली, ती येऊ लागल्यावर अभिमानही वाटला. गोडी मात्र थोड्यांनाच लागली. आजही मुलाच्या इंग्रजीचे माप आपण गुणांत आणि पुढे पगारात घेतो. ज्या भाषेत मनसोक्त रमता येत नाही, ती भाषा कितीही अवगत झाली तरी परकीच राहते.

ही गोडी लावण्याचा एक सोपा उपाय आहे. आपल्या संमेलनात दोन अनोळखी माणसे भेटली की ती प्रथम एकमेकांचे गाव आणि आडनाव विचारतात, आणि घटकाभरात कुठले तरी नाते निघते. शब्दांनाही असेच मूळ गाव विचारावे. इंग्रजीतील ‘मंगूस’ या शब्दाला विचारून पाहा. तो आपल्या मराठी मुंगसाचाच वंशज आहे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो विलायतेस गेला. ‘गूस’ म्हणजे हंस आणि त्याचे अनेकवचन ‘गीस’. म्हणून ‘मंगूस’चे ‘मंगीस’ करण्याचा मोह होतो. परंतु हंसाशी त्याचे काडीचेही नाते नाही. हे ज्या मुलाला कळले, त्याला तो शब्द पाठ करावा लागत नाही.

‘सेरेन्डिपिटी’ हा दुसरा शब्द. शोधावे एक आणि सावध बुद्धीमुळे हाती लागावे दुसरेच, अशा सुदैवाला हे नाव आहे. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात तो घडवला. ‘सेरेन्डिप’च्या तीन राजपुत्रांची एक जुनी फारसी कथा त्याच्या मनात होती. सेरेन्डिप म्हणजे लंका, आणि पंडित या नावाचे मूळ ‘सिंहलद्वीप’ या संस्कृत शब्दापर्यंत नेऊन पोहोचवतात.

पहिल्या पावसाने तापलेल्या मातीस जो सुवास सुटतो, त्याला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली हा शब्द बनवला. ग्रीक भाषेतील ‘पाषाण’ आणि ‘देवांच्या धमन्यांतून वाहणारा रस’ अशा अर्थाचे दोन शब्द त्यांनी जोडले. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. परंतु कनोजचे अत्तर करणारे कारागीर हाच गंध चंदनाच्या तेलात धरून ‘मिट्टी अत्तर’ बनवीत आले आहेत. आणि विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा काव्यसंग्रह १९५४ सालचा, म्हणजे त्या इंग्रजी शब्दाहून दहा वर्षांनी वडील आहे! परक्या शब्दाचा माग काढीत निघालेला माणूस असा पुष्कळदा आपल्याच अंगणात येऊन पोहोचतो.

आता भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांनी जपून राहावे असा एक शब्द सांगतो. ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ म्हणजे ज्या विषयातले कळत नाही त्या विषयावर मत ठोकून देणारा. अपेलीझ या ग्रीक चित्रकाराच्या चित्रातील चपलेची चूक एका चर्मकाराने दाखवली आणि चित्रकाराने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी तो पायाच्या रेखाटनालाही नावे ठेवू लागला, तेव्हा ‘चपलेच्या वर जाऊ नकोस’ असे त्याला ऐकावे लागले. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने ही कथा सांगितली आहे. तिच्यातील लॅटिन शब्दांवरून हा शब्द बनला आणि विल्यम हॅझलिट याने १८१९ साली तो गिफर्ड नावाच्या संपादकावर फेकला. गिफर्ड लहानपणी पादत्राणे करणाऱ्याकडे उमेदवारी करीत होता; टोमण्याची धार तेथे होती.

अभ्यासावाचून बोलू नये, हा या कथेचा बोध रास्त आहे. परंतु जन्माने वा परिस्थितीने जो धंदा हाती आला त्याच्यावर माणसाने मान उचलू नये, असा अर्थ कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. त्याला खुद्द इंग्रजी कोशाचा इतिहासच उत्तर देतो.

ऑक्सफर्डच्या महाकोशाचे प्रमुख संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडमधील एका खेड्यातील शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढील विद्या त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवली. १८७९ साली कोशाचे काम हाती येताच त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले, की पुस्तके वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरा आणि आमच्याकडे पाठवा. देशोदेशींच्या शिक्षकांनी, गृहिणींनी, धर्मोपदेशकांनी लक्षावधी चिठ्ठ्या पाठवल्या. मरे यांनी घराच्या बागेत लोखंडी पत्र्याची खोली उभारून त्या खणाखणांतून लावल्या. चिठ्ठ्या निवडण्याबद्दल त्यांच्या मुलांना खाऊचे पैसे मिळत. पहिला भाग १८८४ साली निघाला. १९१५ साली मरे निवर्तले. कोश पुरा झाला तो १९२८ साली, आणि त्यात चार लाखांहून अधिक शब्द होते. एवढे मोठे काम मोबदला न घेणाऱ्या वाचकांच्या बळावर उभे राहिले. आपणांस सापडलेला शब्द आपल्यापाशीच ठेवू नये, एवढीच त्यांची प्रेरणा होती.

याच कोशात एक शब्द राहून गेला. ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो भाग त्याच्यावाचून छापला गेला. १९३३ सालच्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. एक चिठ्ठी हरवली की एक शब्द हरवतो!

येथे आम्हांस आपल्या घरांची आठवण होते. ‘ईव्ह्जड्रॉपिंग’, म्हणजे चोरून ऐकणे, हा शब्द आपल्या मुलांना ठाऊक असतो. वळचणीच्या ज्या पट्टीवर पावसाचे पाणी ठिबकते तिला जुन्या इंग्रजीत ‘ईव्ह्जड्रिप’ म्हणत. तेथे उभा राहून घरातले बोलणे ऐकणारा तो ‘ईव्ह्जड्रॉपर’. पण त्या ठिबकणाऱ्या धारांना आपण ‘पागोळ्या’ म्हणतो, हे किती मुलांना माहीत आहे? वळचण, फडताळ, उतरंड, कणगी, शिंके, झुंजुमुंजू हे शब्द आजीच्या तोंडी होते, आईच्या कानांवर होते आणि नातीला ते परके आहेत. मोलस्वर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पंडितांच्या साहाय्याने आपले शब्द गोळा करून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. तरीही घराघरांतील कितीतरी शब्द कोणत्याच चिठ्ठीवर चढले नसतील, आणि ते जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरातील मुलांनी आठवड्यास एक अनवट इंग्रजी शब्द, त्याच्या मूळ गावासह, जेवताना सर्वांस सांगावा. वडीलधाऱ्यांनी त्याच्या बदल्यात आपल्या गावचा एक मराठी शब्द द्यावा. दोन्ही चिठ्ठीवर लिहावेत: शब्द, अर्थ, एक वाक्य आणि तो कोणत्या गावी कोणाकडून ऐकला ते. पुढील संमेलनास प्रत्येक कुटुंबाने अशा दहा चिठ्ठ्या आणल्या, तर मंडळापाशी एक छोटा संग्रह होईल आणि स्मरणिकेत तो छापता येईल.

एक पथ्य मात्र पाळावे. शब्द सांगावा, कोणाच्या अंगावर फेकू नये. समोरच्यास अडाणी ठरवण्याकरिता वापरलेला शब्द कितीही दुर्मीळ असला तरी त्याची शोभा जाते. द्रव्य वाटले की कमी होते. शब्द वाटला की आणखी एका घरात नांदू लागतो. आपल्या घरांत दोन्ही भाषांचे शब्द असेच नांदोत, एवढीच इच्छा आहे.