निर्मम चंद्र

आकाशांत चंद्र एकच असतो आणि तो आपला असतो, ही माणसाची जुनी समजूत आहे. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द डिस्पझेस्ड' या कादंबरींत ती टिकत नाहीं. ताऊ सेटी नांवाच्या ताऱ्याभोवतीं उरास आणि अनारेस अशी जोडी फिरत असते. उरासवासी वर पाहतात तेव्हां अनारेस हा त्यांचा चंद्र; अनारेसवासी वर पाहतात तेव्हां उरास हा त्यांचा चंद्र. उरास सजल, सुपीक, श्रीमंत. तेथें राज्यें आहेत, सैन्यें आहेत, दुकानें आहेत, आणि अर्थात् दरिद्री लोकही आहेत. अनारेस कोरडा आणि धुळीचा. त्याच्या समुद्रांत मासे सांपडतात. जमिनीवर मात्र एकही पशु नाहीं. होलम नांवाचें काटक झाड हाच तेथला कल्पवृक्ष.

असल्या ठिकाणीं माणसें रहावयास गेलीं कशीं? उरासवर ओडो नांवाची एक विदुषी होऊन गेली. मालकी आणि सत्ता या दोन रोगांचें मूळ एकच, असें तिचें प्रतिपादन. त्यापायीं तिनें नऊ वर्षें तुरुंगवास भोगला. तिच्या मागून तिच्या अनुयायांनीं असा कांहीं उठाव केला कीं, राज्यकर्त्यांनीं त्यांना चंद्रच देऊन टाकला. घरांतील तंटेखोर भावाला दूरचें खडकाळ शेत देऊन वाटणी उरकावी, तसाच हा प्रकार. ओडोला मात्र ती भूमि पहावयास मिळाली नाहीं. तिच्या अखेरच्या दिवसावर लेखिकेनें त्याच वर्षीं एक स्वतंत्र कथा लिहिली आहे, आणि ती कादंबरीहून कमी मोलाची नाहीं.

अनारेसवर राजा नाहीं, कायदा नाहीं, तुरुंग नाहीं, नाणें नाहीं. जेवण सार्वजनिक भोजनगृहांत, निजणें बहुधा सामाईक खोल्यांत. काम कोठें आहे तें एक मंडळ सुचवितें. नको असल्यास नाहीं म्हणावें. घाणीचें व कष्टाचें काम दहा दिवसांतून एकदां प्रत्येकाच्या वांट्यास येतें, मग तो पंडित असो वा गवंडी. मुलाचें नांवसुद्धां आईबाप ठेवीत नाहींत. यंत्र तें निवडून देतें, आणि तें नांव जिवंत माणसांत दुसऱ्या कोणाचें नसतें.

पण खरी गंमत भाषेची आहे. या लोकांनीं प्रॅव्हिक नांवाची नवी भाषाच घडविली. काम आणि खेळ या दोहोंना तींत एकच शब्द. 'माझें' म्हणण्याची तर सोयच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. हातरुमाल 'माझा' नसतो, 'मी वापरतों तो' असतो. मूल 'माझी आई' म्हणत नाहीं, नुसतें 'आई' म्हणतें. मराठी मुलाला यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. घरांत तेंही तसेंच म्हणतें. संस्कृतांत 'निर्मम' म्हणजे 'माझें' न म्हणणारा. पण त्याच शब्दाला निष्ठुरपणाचीही छटा आली. अनारेसला दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि लेखिकेची सारी झुंज या दोन अर्थांमधील आहे.

शेवेक हा कथानायक पदार्थविज्ञानी आहे. बालपणीं तो व त्याचे सोबती इतिहासांत तुरुंगाविषयीं वाचतात. तुरुंग ही काय चीज असेल तें कळावें म्हणून तीं मुलें विद्यालयाच्या तळघरांतील एका कोनाड्यांत एका मुलाला कोंडतात. खेळ लांबतो. दार उघडल्यावर आंतून जो मुलगा बाहेर येतो, त्याची दशा पाहून शेवेकला ओकारी होते. ज्या समाजानें तुरुंग मोडला, त्याच्या लेंकरांना तो कसा बांधावा हें शिकवावें लागलें नाहीं! सगळ्या पुस्तकांत शिक्षकांनीं पुनःपुन्हां वाचावें असें पान कोणतें, तर हें.

पुढें शेवेक अब्बेने शहरांतील विद्यापीठांत जातो. तेथल्या भोजनगृहांत रोज रात्रीं गोड पदार्थ मिळतो, इतरत्र क्वचित् मिळतो. एवढ्याशा गोष्टीनें त्याचें मन त्याला खातें. परंतु तेथेंच सबूल नांवाचा वरिष्ठ, स्वतःचें नांव जोडल्यावांचून त्याचा ग्रंथ छापूं देत नाहीं. सत्ता कायद्यानें नाहींशी झाली. ती ओळखीच्या, मानाच्या व लोक काय म्हणतील याच्या वाटेनें परत आली. तिरिन नांवाचा त्याचा बालमित्र एक उपहासात्मक नाटक लिहितो. त्याला कोणी शिक्षा करीत नाहीं, कारण शिक्षाच नाहीं. लोक त्याला नुसतें टोंकतात, दूर सारतात, आणि शेवटीं तो मनोरुग्णांच्या आश्रमांत जाऊन पडतो.

मग दुष्काळ येतो. कामाच्या वाटपांत शेवेक आणि त्याची सहचरी ताक्वेर यांची जवळजवळ चार वर्षें ताटातूट होते. एके ठिकाणीं शेवेककडे याद्या करण्याचें काम येतें: कोणाला पुरतें अन्न द्यावयाचें, कोणाला अर्धें. तो तें कांहीं काळ करतो आणि मग सोडतो. त्यानें सोडल्यानें याद्या थांबत नाहींत. दुसरा कोणी बसतो. तरीही हा समाज दुष्काळांत फुटत नाहीं, आणि हें श्रेय लेखिका त्याच्यापासून हिरावून घेत नाहीं.

या मुक्त चंद्राला एकच भिंत आहे. ओबडधोबड दगडांची, पोरानेंही चढून जावें इतकी ठेंगणी. ती अंतराळयानांच्या बंदराभोवतीं आहे. वर्षांतून आठ वेळां उरासचीं मालवाहू यानें येतात, आणि पारा, तांबें, कथील, सोनें घेऊन जातात; बदल्यांत खनिज तेलें, यंत्रांचे नाजूक भाग, कधीं धान्याचें वा फळझाडाचें नवें वाण देतात. यानांतील माणसानें भिंतीपलीकडे पाऊल टाकूं नये, असा करार. ज्यांनीं मालक नाकारला, ते जुन्या मालकाच्या खाणीच चालवीत राहिले! अनारेसवासी या गोष्टीची फारशी चर्चा करीत नाहींत. भाडेकरूही घरमालकाचा विषय पाहुण्यांसमोर काढीत नाहीं.

शेवेक उरासशीं पत्रव्यवहार सुरू करतो, म्हणून लोक त्याला द्रोही म्हणूं लागतात. त्याची लहान मुलगी सादिक हिला वसतिगृहांतील मुलें जवळ बसूं देत नाहींत. तेव्हां तो निघण्याचें ठरवितो. तो यानाकडे जात असतां जमाव दगड फेंकतो, आणि एक दगड लागून तेथें बंदोबस्ताला असलेला एक माणूस मरतो. शेवेकला उरासवर मेजवान्या मिळतात, मखमल मिळते, आणि हळूहळू उमगतें कीं, त्याचा सिद्धांत एका राज्याला विकत हवा आहे. उपाशी लोकांच्या मोर्चावर आकाशयंत्रांतून झालेला गोळीबार तो तेथेंच पाहतो. तो पृथ्वीच्या वकिलातींत आश्रय घेतो आणि आपलीं सूत्रें सर्व जगांना एकदमच देऊन टाकतो, म्हणजे तीं कोणाचींच होऊं नयेत. त्यांतून कितीही दूरच्या दोन ताऱ्यांमध्यें तत्क्षणीं बोलतां येईल असें यंत्र घडावयाचें असतें.

परत येतांना यानावरील केथो नांवाचा अधिकारी, अगदीं वेगळ्या व अतिप्राचीन जगांतला, त्याच्याबरोबर खालीं उतरूं इच्छितो. खालीं लोक रागावलेले असतील, दगडही येतील, हें शेवेक त्याला समजावून सांगतो. तरी तो येतोंच म्हणतो. भिंत ओलांडून आंत येणारा तो पहिलाच परका. शेवेकच्या हातांत त्या वेळीं कांहींच नसतें, जातांनाही नव्हतें. आणि यान उतरण्यापूर्वींच लेखिका पुस्तक संपवते.