पंख्याचा दिवा आणि भिंतीवरचे बटण

श्रोतेहो, छताच्या पंख्याला दिवा जोडण्याची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत काम करणाऱ्या फिलिप डील या गृहस्थांनी १८८० च्या दशकात शिवणयंत्राची मोटर छताला टांगून तिला पाती लावली आणि पुढे त्याच पंख्याला दिवेही जोडले. नवे आहे ते एवढेच, की हा दिवा आता मोबाइलवरून लावता येतो, अंथरुणावर पडल्यापडल्या विझवता येतो. शहरातले लोक याला ‘स्मार्ट’ घर म्हणतात. आमच्या गावच्या घरी ते कसे आले, ते आज सांगतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा या गोष्टीत माझी फजिती जरा जास्तच आहे.

माझी आई पंचाहत्तरीची. तिची खाट खिडकीशी आणि बटणाचा बोर्ड पार दाराशी. रात्री उठायचे म्हणजे आठ पावले अंधारात. म्हणून दिव्याचा पंखा आणला. घर जुने, बोर्डापासून पंख्याच्या हुकापर्यंत दोनच तारा. वायरमनने पंखा आणि दिवा दोन्ही त्याच जोडीवर घेतले. झाले काय, की रेग्युलेटर कमी केला की पंख्याबरोबर दिवाही फडफडू लागला. एलईडी दिव्याला पुरती वीज हवी असते. रेग्युलेटरमधून आलेली अर्धीमुर्धी वीज त्याला मानवत नाही.

मग मुलाने त्या होल्डरमध्ये वायफायचा बल्ब बसवला, रेग्युलेटर पूर्ण ठेवला आणि आजीच्या उशाशी एक छोटे बिनतारी बटण दिले. दोन दिवस सगळे खूष. पण खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचे बटण बंद करायचे, ही आईची पन्नास वर्षांची सवय. ते बंद झाले की बल्बची वीजच तुटते. मग मोबाइल दाबा नाहीतर उशाचे बटण दाबा, त्याला ऐकू कुठून येणार? तिसऱ्या रात्री आईने उशाचे बटण तीनचारदा दाबले. दिवा लागला नाही. ती तशीच उठली, पाय स्टुलाला अडखळला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. “तुमच्या मोबाइलपेक्षा माझी चिमणी बरी होती रे,” एवढंच ती म्हणाली. मला मात्र ते लागलं.

तेव्हा कळले, की अक्कल बल्बात नको, बटणाच्या मागे हवी. बोर्डाच्या आत मावेल असे काड्यापेटीएवढे यंत्र मिळते. जुने बटण त्यालाच जोडतात. दिव्याचा प्रवाह मग बटणातून जात नाही. बटण फक्त निरोप देते आणि दिवा लावायचे काम यंत्र करते. मोबाइलचाही निरोप त्यालाच. इंटरनेट बंद पडले तरी भिंतीवरचे बटण चालतेच.

पण या यंत्राला स्वतःला चोवीस तास वीज लागते, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही हवी. तुमच्या बोर्डात प्लग असेल, तर न्यूट्रल तिथे आलेली असते. आमच्या त्या बोर्डात प्लग नव्हता. न्यूट्रल वरच्या वर पंख्याकडे गेलेली. वायरमन म्हणाला, “सर, ही हिरवी अर्थिंगची तार आहे की. हिच्यावर घेतो, लगेच चालू होईल.”

श्रोतेहो, चालू झाले असते! म्हणूनच ही चूक फसवी आहे. आणि खरे सांगतो, काम लवकर उरकावे म्हणून मीही क्षणभर गप्प बसलो होतो. पण विचार करा. अर्थिंगच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नाही. फ्रिजच्या, मोटरच्या लोखंडी अंगावर चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत नेण्यासाठी ती राखून ठेवलेली वाट. त्या वाटेवर आपण रोजची रहदारी सोडली आणि उन्हाळ्यात खड्डा सुकून किंवा तार गंजून अर्थिंग तुटले, तर? मग यंत्रातून आलेली वीज जमिनीकडे जाणार नाही. अर्थिंगला जोडलेल्या घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर ती येऊन बसेल. दाब २३० व्होल्टचा आणि फ्रिजला हात लावणारे पोर अनवाणी. शिक्षकमित्रांनी न्यूट्रल आणि अर्थिंग यांतला हा फरक वर्गात फळ्यावर आकृती काढून जरूर सांगावा. पुस्तकात तो दोन ओळींत आटोपलेला असतो.

आम्ही मेन स्विच बंद करून न्यूट्रल खाली बोर्डापर्यंत ओढून घेतली आणि दिव्यासाठी छतापर्यंत वेगळी तिसरी तार नेली. पाइप जुना, तारा सरकेनात. अख्खा दिवस गेला. पंख्याला त्याचा रेग्युलेटर तसाच ठेवला. पंख्याचा वेगही मोबाइलवर हवा असेल, तर खास पंख्याचेच यंत्र घ्यावे. दिवा मंद करण्याचे यंत्र पंख्याला लावू नये. मोटर घुमते आणि तापते.

आणखी एक. गेलेली लाइट परत आल्यावर दिवा लागावा की बंद राहावा, हे या यंत्रात ठरवून ठेवता येते. आम्ही ते पाहिले नव्हते. रात्री तीनला लाइट आली आणि आईच्या डोळ्यांवर लख्ख उजेड! आता ‘जाताना होता तसा’ असे ठेवले आहे.

आईची तक्रार अजून एक आहेच. पूर्वी बटण खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. आता कसेही हलवले तरी दिवा बदलतो, बटणाकडे बघून काही कळत नाही. मी तिला कारण समजावले. ती म्हणाली, “दिव्याकडे बघितलं की कळतं, तू नको सांगू.” खोलीतून बाहेर पडताना ती अजूनही बटण दाबतेच. दिवा विझतो. रात्री उशाचे बटण दाबले, की लागतो.